गृहस्वयंचलन सर्व्हरचा सुरक्षित जालप्रवेश

गृहस्वयंचलन सर्व्हर म्हणजे घरातील दिवे, पंखे, कुलपे, कॅमेरे, पाण्याच्या टाकीतील संवेदक, मोटारीचा स्टार्टर इत्यादी उपकरणांचे एका ठिकाणाहून नियंत्रण करणारा छोटा संगणक होय. या सर्व्हरपर्यंत घरच्या माणसांना बाहेरगावाहून महाजालाद्वारे पोहोचता यावे, परंतु परक्या व्यक्तीस पोहोचता येऊ नये, अशा रीतीने केलेल्या मांडणीस सुरक्षित जालप्रवेश असे म्हणतात. कूटबद्ध दळणवळण, सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र, राउटरवरील मर्यादित मार्ग आणि वापरकर्त्याची खात्री हे या मांडणीचे चार घटक आहेत. यांपैकी कोणताही एक घटक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

पार्श्वभूमी

घरातील उपकरणे संगणकास जोडण्यासाठी अनेक मुक्तस्रोत प्रणाली उपलब्ध आहेत. ओपनहॅब ही प्रणाली २०१० मध्ये, तर होम असिस्टंट ही प्रणाली २०१३ मध्ये सुरू झाली. होम असिस्टंटचा आरंभ पाउलुस स्काउटसेन यांनी केला असून ती पायथन या भाषेत लिहिलेली आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकामुळे असा सर्व्हर घरी चालवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

होम असिस्टंट स्थापित केल्यावर ती सामान्यतः ८१२३ क्रमांकाच्या पोर्टवर, साध्या एचटीटीपी पद्धतीने उपलब्ध असते. एकाच संगणकावर चालणाऱ्या निरनिराळ्या सेवांना दिलेल्या क्रमांकांना पोर्ट म्हणतात. वाड्याचा पत्ता एकच असला तरी प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे असावे, तसा हा प्रकार आहे. घरातल्या घरात ही व्यवस्था चालून जाते. तीच जशीच्या तशी महाजालावर खुली केल्यास मात्र अडचण निर्माण होते.

धोक्याचे स्वरूप

घरात कोणी आहे की नाही, दिवे किती वाजता मालवले जातात, दार केव्हा उघडले गेले, कॅमेऱ्यात काय दिसते, या सर्व गोष्टींची नोंद गृहस्वयंचलन सर्व्हरकडे असते. त्यामुळे त्याचा ताबा परक्याकडे जाणे म्हणजे घराच्या किल्ल्यांसोबत घराची दिनचर्याही त्याच्या हाती जाणे होय.

असे सर्व्हर शोधण्यासाठी कोणाला विशिष्ट घराची माहिती असावी लागत नाही. महाजालावरील पत्ते एकामागून एक तपासणाऱ्या आज्ञावल्या अखंड चालू असतात. २०१६ मधील मिराई या दुष्ट आज्ञावलीने कॅमेरे व राउटर यांवर कारखान्यातून आलेले साठाहून अधिक ठरावीक सदस्यनामे व परवलीचे शब्द वापरून पाहिले आणि लक्षावधी उपकरणे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या साहाय्याने डिन या कंपनीवर हल्ला करण्यात आला व त्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. उपकरणांच्या मालकांपैकी बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

कूटबद्ध दळणवळण

साध्या एचटीटीपीने पाठवलेला मजकूर पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतील कोणीही तो वाचू शकतो आणि त्यात बदलही करू शकतो. परवलीचा शब्दही यास अपवाद नाही. एचटीटीपीएस या पद्धतीत हाच मजकूर टीएलएस या नियमावलीनुसार कूटबद्ध करून पाठवला जातो. एचटीटीपीसाठी ८० व एचटीटीपीएससाठी ४४३ हे पोर्ट राखून ठेवलेले आहेत.

टीएलएसची पूर्वज असलेली एसएसएल ही नियमावली नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. टीएलएसची १.२ ही आवृत्ती २००८ मध्ये आणि १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली. १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवण्यात आल्या. म्हणून नव्या मांडणीत १.२ पेक्षा जुन्या आवृत्त्यांना परवानगी देऊ नये, असा संकेत आहे.

नाव आणि प्रमाणपत्र

संदेश कूटबद्ध असला तरी तो योग्य सर्व्हरकडेच जात आहे, याची खात्री हवी. ही खात्री प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्र सामान्यतः डोमेन नावास दिले जाते. त्यामुळे प्रथम नाव घ्यावे लागते. घरगुती जोडणीचा महाजालीय पत्ता वारंवार बदलत असल्यास बदललेला पत्ता आपोआप नोंदवणारी गतिमान डीएनएस सेवा वापरली जाते. २०१४ पासून देवनागरीत .भारत हा प्रत्ययही उपलब्ध आहे. मात्र अशी नावे डीएनएसमध्ये 'एक्सएन' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवली जातात आणि सर्व्हरच्या मांडणीतही बहुधा तेच रूप लिहावे लागते.

लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावरील संस्था अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. तिची सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. नावावर अर्जदाराचा ताबा आहे हे दोन प्रमुख मार्गांनी सिद्ध करता येते. पहिल्या मार्गात संस्थेचा संगणक ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन सर्व्हरवर ठेवलेली खूण वाचतो. दुसऱ्या मार्गात ती खूण डीएनएस नोंदीत लिहावी लागते. त्यासाठी घरातील कोणताही पोर्ट उघडावा लागत नाही.

या प्रमाणपत्रांची प्रचलित मुदत ९० दिवसांची असते व मुदतीचा सुमारे एक तृतीयांश काळ शिल्लक असताना नूतनीकरण करणे अपेक्षित असते. ४ जून २०२५ पासून संस्थेने मुदत संपत आल्याची ई-पत्रे पाठवणे बंद केले आहे. ब्राउझर व प्रमाणपत्र-संस्थांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये संमत केलेल्या ठरावानुसार कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणून नूतनीकरण स्वयंचलित ठेवणे ही आता गरजच बनली आहे.

प्रमाणपत्र दिले जाताच त्यातील नाव सार्वजनिक नोंदवह्यांत प्रसिद्ध होते व ते कोणालाही शोधता येते. त्यामुळे सर्व्हरच्या नावात आडनाव, गाव किंवा घर क्रमांक न घालणे इष्ट असते.

प्रवेशाचे मार्ग

पोर्ट थेट उघडणे: राउटरवर बाहेरील पोर्ट सर्व्हरकडे वळवण्यात येतो. ही सर्वांत सोपी पद्धत आहे. परंतु सर्व्हरमधील प्रत्येक उणीव यामुळे साऱ्या जगासमोर येते. ८१२३ पोर्ट एचटीटीपीवरच वळवणे ही यातील सर्वाधिक धोकादायक चूक होय.

उलट प्रॉक्सी: एनजिनएक्स किंवा कॅडी यांसारखी आज्ञावली ४४३ पोर्टवर विनंत्या स्वीकारते, प्रमाणपत्र सांभाळते आणि योग्य विनंत्याच आतील सर्व्हरकडे पाठवते. होम असिस्टंटच्या पडद्यावरील माहिती वेबसॉकेट जोडणीने सतत अद्ययावत होत असल्याने ती जोडणीही प्रॉक्सीने पुढे पाठवावी लागते; अन्यथा प्रवेशाचे पान दिसूनही पुढे काही उमटत नाही. प्रॉक्सीचा पत्ता सर्व्हरच्या विश्वासू यादीत न घातल्यास सर्व्हर विनंती अयोग्य ठरवून ४०० क्रमांकाची त्रुटी दाखवतो. ही सक्ती निरर्थक नाही. मूळ विनंती कोठून आली हे प्रॉक्सी एका शीर्षओळीत कळवते आणि ती ओळ कोणालाही बनावट लिहिता येते. म्हणून या यादीत केवळ प्रॉक्सीचाच पत्ता असावा, संपूर्ण जाळे नसावे.

व्हीपीएन: यात फोन व घर यांच्यामध्ये खासगी, कूटबद्ध मार्ग तयार होतो. वायरगार्ड ही अशी एक प्रणाली मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे. नोंदलेली किल्ली नसलेल्यास ती उत्तरच देत नाही. त्यामुळे पत्ते तपासत फिरणाऱ्यास तेथे काही आहे हेही कळत नाही. मोजक्या कुटुंबीयांपुरता वापर असल्यास हा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो.

मध्यस्थ सेवा: घरातील सर्व्हर स्वतः बाहेरील सेवेशी जोडणी करतो आणि वापरकर्ता त्या सेवेमार्फत आत येतो. राउटरवर काहीही उघडावे लागत नाही; मात्र मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागतो.

वापरकर्त्याची खात्री

एचटीटीपीएस वाट सुरक्षित करते, दारावर कोण उभे आहे ते ती पाहत नाही. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र खाते, लांब व अन्यत्र न वापरलेला परवलीचा शब्द आणि दर ३० सेकंदांनी बदलणारा सांकेतिक अंक अशी दुहेरी पडताळणी वापरली जाते. होम असिस्टंटमध्ये वारंवार चुकीचा परवलीचा शब्द देणाऱ्या पत्त्यास रोखण्याची सोय आहे. पण प्रयत्नांची मर्यादा वापरकर्त्याने स्वतः ठरवून द्यावी लागते.

सेनगावसारख्या भागातील विशेष बाबी

सेनगाव हे मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण आहे. परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. अशा शेतीप्रधान भागात दूरनियंत्रणाची गरज दिवाणखान्यातील दिव्यांपेक्षा विहिरीवरील मोटारीसाठी अधिक भासते. कृषिपंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत असल्याने शेतकऱ्यास अंधारात शेतावर जावे लागते. सिमकार्डावर चालणारे मोबाइल स्टार्टर याच गरजेतून रुजले. नोंदलेल्या क्रमांकाचीच आज्ञा मानायची, हे त्यांचे तत्त्व सर्व्हरच्या बाबतीतही लागू पडते. परक्याने मोटार चालू केल्यास ती कोरडी चालून जळू शकते किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच हातानेच बंद करणे आवश्यक असते. दूरनियंत्रण त्यास पर्याय नाही.

येथे दोन तांत्रिक अडचणी विशेषत्वाने जाणवतात. पहिली अडचण सामायिक पत्त्याची. मोबाइल जोडणीवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो. या व्यवस्थेस सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी राउटरवर पोर्ट वळवूनही बाहेरून प्रवेश मिळत नाही. राउटरच्या बाह्य जोडणीचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असल्यास सीजीनॅट आहे असे समजावे. त्यावर मध्यस्थ सेवा, बाहेरील भाड्याच्या सर्व्हरमार्गे व्हीपीएन किंवा आयपीव्ही६ हे उपाय आहेत. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणास सार्वजनिक पत्ता मिळू शकत असल्याने राउटरवरील संरक्षक भिंत चालू असल्याची खात्री करावी लागते.

दुसरी अडचण खंडित वीजपुरवठ्याची. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या संगणकांत वेळ राखणारे घड्याळच नाही. वीज परत आल्यावर महाजालावरून वेळ मिळेपर्यंत त्यांची वेळ चुकीची राहते. त्यामुळे बदलते सांकेतिक अंक नाकारले जातात आणि प्रमाणपत्रांची पडताळणीही फसते. बॅटरीवरील छोटे घड्याळ व राउटरसह सर्व्हरला इन्व्हर्टरची जोड दिल्यास ही अडचण दूर होते.

मर्यादा व देखभाल

कूटबद्धता सर्व्हरमधील मूळ दोष झाकू शकत नाही. मार्च २०२३ मध्ये होम असिस्टंटच्या सुपरवायझर या भागात परवलीचा शब्द न देताही आत शिरता येईल असा दोष आढळला. हा दोष २०१७ पासूनच्या आवृत्त्यांत होता व त्यास गंभीरतेचे १० पैकी १० गुण देण्यात आले. ज्यांचा सर्व्हर थेट महाजालावर खुला होता, त्यांना निर्दोष प्रमाणपत्र असूनही हा धोका होता. नव्या आवृत्तीने तो दूर केला. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे, मांडणीची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपणे, प्रवेशाच्या नोंदी अधूनमधून पाहणे आणि वापरात नसलेली खाती काढून टाकणे ही कामे नियमित करावी लागतात.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने विनापरवानगी प्रवेश करणे हा गुन्हा असून कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संगणक सुरक्षाविषयक घटनांसाठी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून कार्यरत आहे.