ब्रेकच्या नळीतला बुडबुडा

"मार... मार... मार... धर!"

गाडीखालून हाक आली की पॅडल घट्ट दाबून धरायचे. खाली मिस्त्री कॅलिपरवरचे निपल पाव फेरा सैल करतो. काळ्या चहासारखा द्रव पारदर्शक नळीतून बाटलीत उतरतो, त्यात साबुदाण्यासारखे बुडबुडे असतात आणि पॅडल पायाखाली खचत जाते. निपल आवळून झाले की "सोड" असे ऐकू येते. पाय उचलायचा तो त्यानंतरच. आधी उचलला तर निपलातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. गॅरेजमध्ये या कामाला ‘एअर काढणे’ म्हणतात.

पुतण्याच्या गाडीला पुढे मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर आणि पोलादी जाळीचे होज बसत होते, तेव्हा पॅडलवर मी बसलो होतो. या सगळ्यावर त्याने भरपूर खर्च केला होता. ब्रेक ऑइल मात्र जुनेच ठेवून वरून थोडे भरायचे, असे ठरत होते. मी ते होऊ दिले नाही. ब्रेकची ताकद ज्याच्यातून चाकापर्यंत पोहोचते तो हा द्रवच आहे.

सतराव्या शतकात पास्कलने सांगितले, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन 20 मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा 50 मिलिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने जोर सव्वासहा पट होतो. कॅलिपरचा पिस्टन 57 मिलिमीटरचा केला तर तो आठ पटींवर जातो. पण ही वाढ फुकट मिळत नाही. मोठा पिस्टन तेवढाच पुढे सरकवायला 30 टक्के जास्त द्रव लागतो आणि तो पॅडलच्या चालीतून येतो. मोठे कॅलिपर बसवल्यावर पॅडल थोडे खोल जाते ते यामुळे. म्हणूनच अशा गाडीत हवेला अजिबात जागा ठेवता येत नाही.

द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. जोरात ब्रेक मारताना नळीतला दाब वातावरणाच्या 70 पट सहज होतो. त्या दाबाखाली एक मिलिलिटर हवा जवळपास नाहीशी होते. तिची जागा भरायला 20 मिलिमीटरचा पिस्टन तीन मिलिमीटर जास्त सरकावा लागतो, आणि पॅडलचा दांडा चौपट असेल तर पाय सव्वा सेंटिमीटर जास्त खाली जातो. पॅडल स्पंजसारखे लागते ते असे.

आमच्या गाडीचे पॅडल दोन बाटल्या ऑइल गेले तरी स्पंजीच होते. मिस्त्रीने शेवटी बॅटरी धरून पाहिले, तर निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होते. डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे. बोल्टची भोके जुळतात, नळी जुळते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण हवा वर चढते, आणि निपल खाली असेल तर कितीही पंप मारले तरी बाहेर फक्त द्रव येतो. कॅलिपरांची अदलाबदल केली. चौथ्या पॅडलला बुडबुडा निघाला आणि पुढच्याच दाबाला पाय दगडावर ठेवल्यासारखा थांबला.

हवेपेक्षा फसवे असते ते पाणी. सगळे म्हणत असले तरी ब्रेक ऑइल हे तेल नव्हे. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोलचे मिश्रण भरत; आजचे डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे प्रामुख्याने ग्लायकॉल ईथरचे असतात, आणि ते हवेतला ओलावा शोषतात. होजच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून ओल आत शिरते. नवा डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी 3.7 टक्क्यांवर गेले की ही हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 तर 205 वरून 140 वर उतरतो. सिलिकोनचा डॉट 5 पाणी शोषत नाही हे खरे, पण मग ते पाणी वेगळे राहून कॅलिपरच्या तळाशी साचते. डॉट 5 आणि डॉट 5.1 ही नावे जवळची असली तरी हे दोन्ही कधीही एकत्र करू नयेत.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारी गाडी साधारण 1,300 मीटर खाली येते. माणसांसकट तिचे वजन 1,300 किलो धरले, तर वाटेत साडेचार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॅटचा गीझर सव्वादोन तास चालवावा तेवढी ही उष्णता. खालच्या गिअरमध्ये इंजिन यातला मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये उतरणारा जवळपास सगळा भार डिस्कवर टाकतो. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग इथे होतो, ती तेवढीच उष्णता घेऊन कमी तापते. पण कॅलिपरमधल्या द्रवात पाणी असेल तर तो लवकर उकळतो, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पॅडल तळाला जाते. खाली पोहोचेपर्यंत सगळे थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पॅडल पूर्वीसारखे लागते. मिस्त्रीला दोष सापडत नाही, आणि ड्रायव्हरवर कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून अपग्रेड करताना सगळा द्रव बदला. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, पण आपल्या गाडीचे मॅन्युअल सांगेल तो क्रम पाळा. एबीएसच्या पंपात हवा अडकली तर बहुतेकदा स्कॅनर जोडूनच ती निघते. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल. बाटलीत उरलेले उघडे ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. शेवटी इंजिन चालू करून अर्धा मिनिट पॅडल दाबून धरा. ते हळूहळू खचत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. आणि ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा. बहुतेक गाड्यांना ते दर दोन वर्षांनी बदलावे लागते.