वर्गात कांजण्या निघाल्या; आता आपल्या मुलाचं काय?

थंडी सरून ऊन तापू लागलं की शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो : 'वर्गात एकाला कांजण्या निघाल्यात, काळजी घ्या.' मग सल्ल्यांची रांग लागते. कडुलिंब, पथ्यपाणी, कुठल्या तरी गोळ्या आणि 'होऊन जाऊ दे एकदाचं'. या गलक्यात एक साधा प्रश्न राहून जातो : आपलं मूल त्या मुलाला शेवटचं कधी भेटलं? करण्यासारखं जे आहे ते बहुतेक त्या तारखेवर अवलंबून असतं.

गैरसमज : पुरळ आल्यापासून मुलं भेटलेली नाहीत, म्हणजे आपण सुटलो.

वस्तुस्थिती : पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवू लागतं आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरवत राहतं. त्यामुळे सोमवारी ज्याच्या अंगावर पुरळ दिसलं, त्याच्या शनिवारच्या वाढदिवसाला गेलेली मुलंही संपर्कात आली असं धरायचं. विषाणू हवेतूनही पसरतो. एका खोलीत पंधरा-वीस मिनिटं एकत्र खेळणं पुरेसं आहे. एकाच घरात तर, पूर्वी कांजण्या न झालेल्या आणि लस न घेतलेल्या दर दहांपैकी साधारण नऊ जणांना लागण होते.

गैरसमज : संपर्क होऊन गेला, आता लस देऊन काय उपयोग?

वस्तुस्थिती : उपयोग आहे, पण मुदत थोडी आहे. एक वर्षावरच्या निरोगी मुलाला संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली, तर कांजण्या टळू शकतात किंवा सौम्य होतात. संपर्क शनिवार, १ मार्चचा असेल तर लस ४ तारखेपर्यंत द्यावी, ६ तारीख ही शेवटची मर्यादा. मुदत टळली तरी पुढच्या वेळेसाठी म्हणून ती घ्यावीच.

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात या लसीचे दोन डोस आहेत, पहिला साधारण १५व्या महिन्यात. सरकारच्या मोफत लसीकरणात मात्र ही लस नाही, त्यामुळे 'सगळ्या लसी झाल्यात' असं वाटणाऱ्या घरातही ही राहिलेली असू शकते. एकच डोस झाला असेल तर दुसऱ्याबद्दल डॉक्टरांना विचारा. दोन्ही डोस घेतलेल्या मुलालाही क्वचित कांजण्या होतात, पण फोड थोडे, ताप कमी.

गैरसमज : आठवडा झाला, काही दिसलं नाही, टळलं.

वस्तुस्थिती : पुरळ संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत येतं, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आसपास. वरच्या उदाहरणात ११ ते २२ मार्च. आठव्या दिवसापासूनच सावध राहावं, कारण पुरळ येण्याआधीचे संसर्गाचे दिवस यातच येतात. तोवर बरं असलेल्या मुलाला कोंडून ठेवायची गरज नसते; पण शाळेला कळवावं, रोज पाठ-पोट पाहावं आणि या काळात बाळंतिणीला भेटायला किंवा केमोथेरपी चालू असलेल्या नातेवाइकाकडे त्याला नेऊ नये.

गैरसमज : लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या, मुद्दाम एकत्र खेळवा.

वस्तुस्थिती : मोठेपणी हा आजार जास्त त्रास देतो हे खरं. पण लहान मुलांतही फोडांत जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, मेंदूला सूज अशी गुंतागुंत होऊ शकते आणि ती कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांच्या तीन वर्षांच्या मुलाला १९६४ मध्ये कांजण्यांनी बेजार केलं; त्याच ताकाहाशींनी १९७४ मध्ये यावरची लस तयार केली. शिवाय विषाणू शरीरात दबा धरून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. आजोबांच्या नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे नातवाला कांजण्या होऊ शकतात, म्हणून तो भाग झाकून ठेवावा.

गैरसमज : काळजी फक्त मुलाची.

वस्तुस्थिती : जास्त धोका घरातल्या दुसऱ्याच कुणाला असू शकतो : कांजण्या न झालेल्या गर्भवतीला, नवजात बाळाला, प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला. गर्भवतीला आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना ही लस देत नाहीत. त्यांना प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागू शकतं. ते जितकं लवकर तितकं चांगलं, दहा दिवसांच्या आतच. त्यांनी पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

गैरसमज : निघाल्याच तर आंघोळ बंद, फोडणी बंद, आणि तापाला घरातली कुठलीही गोळी.

वस्तुस्थिती : हा देवीचा कोप नाही, विषाणूचा आजार आहे. कोमट पाण्याने आंघोळ घाला, अंग टिपून घ्या, नखं कापा; खाजवलेल्या फोडातूनच जंतू आत शिरतात. पाण्यात कडुलिंबाचा पाला घातला म्हणून कांजण्या लवकर बऱ्या होत नाहीत. खाण्यात वर्ज्य काही नाही. तोंडात फोड असतील तर मऊ, कमी तिखट द्या आणि पाणी भरपूर पाजा. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावं, त्वचेत गंभीर जंतुसंसर्ग होण्याशी त्याचा संबंध आढळला आहे.

ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला किंवा उतरून पुन्हा चढला, फोडाभोवती लाल, गरम सूज आली, मूल धापा टाकू लागलं, सारखं ओकू लागलं, गुंगीत राहिलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर थांबू नका. मात्र निघण्याआधी दवाखान्यात फोन करा आणि कांजण्यांचा संशय आहे असं स्पष्ट सांगा. बाहेरच्या बाकावर कुणी आपलं दहा दिवसांचं बाळ घेऊन बसलेलं असू शकतं.