सण आधी, मजुरी मागाहून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘ऋण काढून सण’ हा आपल्याकडचा जुना वाक्प्रचार. तो वापरणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा उपदेशाचा असतो. ऐपत नसताना कशाला हा थाट, असं त्याला सुचवायचं असतं. पण सणाच्या महिनाभर आधी कुठल्याही शहरातल्या जुन्या वस्तीतून एक फेरी मारून बघा. कर्ज काढायला लागू नये म्हणून किती घरांत किती हात चालू असतात, ते दिसेल. कुणी चकलीच्या भाजणीचं दळण घेऊन गिरणीवर उभी आहे, कुणी आकाशकंदिलाच्या कामट्या तासतंय, कुणी शिलाईच्या दुकानातून आणलेल्या कपड्यांना काज-बटण करत बसली आहे. सणाच्या खरेदीसाठी चार पैसे जास्तीचे मिळवायची ही धडपड आहे आणि तिच्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न एवढाच, की हे पैसे हातात कधी पडतात? किती पडतात, हा त्याच्यानंतरचा प्रश्न. सणासाठी मिळवलेला पैसा सणानंतर आला, तर मधल्या दिवसांत उसनवारी करावीच लागते. म्हणजे काम करूनही ऋण काढूनच सण!

नोकरदार माणसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्यासाठी बोनस नावाची सोय आहे. ती कुणी सहज दिलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, मुंबईतल्या कापड गिरण्यांनी मजुरीच्या दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. पुढे तो बंद होऊ लागला तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्या वेळी नेमलेल्या समितीने, बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, असाच निर्वाळा दिला होता. हक्क व्हायला १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. पुढे त्यात किमान बोनस ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो वर्षाच्या मिळकतीचा बारावा हिस्सा आहे, म्हणजे एक महिन्याचा पगार. २०१९ च्या वेतन संहितेनेही तोच आकडा ठेवला. कायदा दिवाळीचं नाव घेत नाही, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्या, एवढंच म्हणतो. मार्चअखेर वर्ष संपलं तर ही मुदत नोव्हेंबरअखेर संपते. दिवाळी त्याच्या आतच येते. दिवाळीपूर्वी बोनस हा रिवाज कायद्याच्या मुदतीत असा नेमका बसला आहे.

घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठल्या हजेरीपटावर नसतं. तिला बोनस नाही, उचल नाही. तिची मजुरी तिच्यापर्यंत कशी पोचते, ते जरा समजून घेऊ.

राखी घ्या, तोरण घ्या, नकली दागिने घ्या. किरकोळ दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारीवर उचलतो. माल विकला गेला की पैसे देईन, हा त्यांच्यातला करार. व्यापारी ते पैसे आल्यावर कारखानदाराला देतो. कारखानदार कंत्राटदाराला, कंत्राटदार वस्तीतल्या मुकादमाला किंवा ‘काम वाटणाऱ्या बाई’ला, आणि ती शेवटी घरोघर. या साखळीत माल वरच्या दिशेनं जातो तो सणाच्या दोन महिने आधी. पैसा खालच्या दिशेनं येतो तो सण झाल्यावर. प्रत्येक पायरीवर थोडा थांबून येतो. म्हणजे सबंध बाजाराला सणासाठी जे भांडवल लागतं, त्याचा एक वाटा शेवटच्या पायरीवरची बाई पुरवत असते, तेही बिनव्याजी. आपण भांडवलदार आहोत हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

माझ्या ओळखीच्या एका बाई रमजानमध्ये एका शिलाई दुकानाचं तुरपाई आणि काज-बटणाचं काम घरी आणत. रमजानमध्ये शिंप्यांकडे किती झुंबड असते ते ठाऊक असेलच. निम्मे रोजे होईपर्यंत बहुतेक शिंपी नवीन कापड घ्यायचं थांबवतात. जे घेतलं आहे तेच पुरं करायला रात्री जागवाव्या लागतात. या बाई रोजा सोडून, स्वयंपाक आवरून, सहरीपर्यंत सुई चालवायच्या. लोकांचे कपडे ईदच्या आदल्या रात्री वेळेवर गेले. बाईंचा हिशेब ईदच्या आठव्या दिवशी झाला. त्यांच्या मुलांचे कपडे त्या वर्षी शेजारणीकडून उसने घेतलेल्या पैशांत आले. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याचंही गिऱ्हाईक कपडे घेऊन गेलं होतं आणि ‘ईदनंतर देतो’ म्हणालं होतं.

ईदची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. दिवाळी कधीही आली तरी आश्विन-कार्तिकातच येते. खरिपाचं पीक तेव्हा घरात किंवा बाजारात आलेलं असतं, बोनसचीही वेळ तीच. हिजरी वर्ष चांद्र, त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००५ आणि २००६ साली दिवाळी आणि रमजान ईद चार-पाच दिवसांच्या अंतरानं आल्या होत्या. बाजार एकच, गर्दी एकच, कामही एकच. २०२५ साली ईद आली ३१ मार्चला. म्हणजे महिनाअखेर, पगाराच्या अगदी तोंडावर, मुलांच्या परीक्षांच्या आणि शाळेच्या खर्चाच्या दिवसांत. चंद्राला पगाराची तारीख कोण सांगणार? तेव्हा ईदसाठी जास्तीचं काम शोधणाऱ्याला दर वर्षी नव्या हंगामाशी जुळवून घ्यावं लागतं. शेवया वाळवायला कधी कडक ऊन मिळतं, कधी ऐन पावसाळा.

मग हातात वेळेवर पैसा देणारं काम कुठलं? जिथे काम आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कुणी नाही ते. चाँदरातीला मेंदी काढणारी मुलगी बघा. कोनाला लागणारा खर्च थोडा, हातावर मेंदी काढली की दुसऱ्या हातानं पैसे. त्या एका संध्याकाळी तिला जे मिळतं ते त्याच रात्री बांगड्यांच्या दुकानात जातं. रात्र एकच असते, हे मात्र खरं.

मध्ये संस्था असूनही पैसा वेळेवर मिळू शकतो, याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत झालं. या कहाणीत आकड्यांचं कौतुक फार होतं. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची रोजची पद्धत. सकाळी मळलेलं पीठ घेऊन जायचं, घरी पापड लाटायचे, ते आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. रोजच्या रोज. माल दुकानात कधी विकला जाईल याची वाट लाटणारीनं बघायची नाही. ती जोखीम संस्थेनं उचलायची. नगावरच्या कामाला अप्रतिष्ठा आहे ती काम घरून होतं म्हणून नव्हे, ही जोखीम बाईच्या गळ्यात मारली जाते म्हणून.

फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका खूप आहेत आणि हे काम चांगलं आहे. पण त्याचा हिशेब बहुधा चुकतो. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा दहा किलो चकली केली. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या धरून किलोला २२० रुपये खर्च, म्हणजे एकूण २,२०० रुपये. भाव किलोला ४०० रुपये. दहा किलोचे चार हजार, म्हणजे अठराशे सुटले, असं आपण मनात धरतो. पण एक किलोचा तरी चुरा होतो किंवा ती मऊ पडते, विकली जाते नऊ किलो. आले ३,६०० रुपये, सुटले १,४००. भाजण्यापासून पिशवी बांधण्यापर्यंत वीस तास गेले असतील तर तासाला सत्तर रुपये पडले. आता या नऊ किलोंतली दोन किलो नात्यातल्या कुणी नेली आणि ‘देते गं नंतर’ म्हणाली. लगेच हातात उरले सहाशे. तासाला तीस. चकली तीच, कष्ट तेच, एका ‘नंतर’नं मजुरी निम्म्याहून खाली आली.

म्हणून ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे मागावेत. आपल्याकडे बायकांना हे मागायला संकोच वाटतो. मिठाईच्या दुकानात मात्र आपण आगाऊ पावती फाडतो, तेव्हा संकोच कुणालाच वाटत नाही. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनीही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करायची असते. ती करून ठेवलेली बरी, दुकानदार माल ठेवून घेताना ती मागतो.

शेतकऱ्याच्या झेंडूची तऱ्हा आणखी निराळी. दसऱ्याला फूल हवं तर दोन-अडीच महिने आधी रोप लावावं लागतं. खर्च आषाढ-श्रावणातला, मिळकत एका दिवसाची. दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आदल्या पहाटे जो भाव असतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी राहत नाही. पूजा झाली, तोरण बांधून झालं, मग फूल कोण घेणार? न विकलेले ढीग रस्त्याकडेला टाकून टेम्पो गावाकडे परततात, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. ज्यांनी थोडी फुलं घटस्थापनेपासूनच विकायला काढली, थोडी दिवाळीसाठी उशिरा लावली, त्यांचं नुकसान कमी होतं. सगळी मिळकत एका तारखेवर टांगून ठेवणं, हे झेंडूला लागू आहे तसंच कंदिलालाही. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आदल्या रात्री कंदिलाचा भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक असतंच. त्याला ठाऊक असतं, की उद्या या मालाची नुसती अडगळ होणार आहे.

आम्हा लिहिणाऱ्यांचाही एक सणाचा हंगाम असतो. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कवीला दिवाळीपूर्वीची जोडकमाई मिळाली. म्हणजे कमाईची आशा मिळाली. कविता मागणारं पत्र श्रावणात येतं. अंक धनत्रयोदशीला येतो. मानधन होळीच्या आसपास येतं, आलं तर. सात-आठ अंकांत कविता असलेला कवी दिवाळीत उधारीवर रवा आणतो, हे काही अतिशयोक्तीनं सांगत नाही. फरक इतकाच, की कवीला निदान छापलेलं नाव तरी दिसतं. काज-बटणावर कुणाचं नाव नसतं.

भिशी हा आणखी एक मार्ग. त्यात कमाई होत नाही, पैशाची तारीख तेवढी बदलते. बाराजणी दरमहा पाचशे भरतात, दर महिन्याला एकीला सहा हजार. पहिली चिठ्ठी जिची निघाली तिला कर्ज मिळालं, शेवटची जिची तिची बचत झाली. व्याज नाही, म्हणून मुसलमान घरांत ती विशेष चालते. लिलावाची भिशी असेल तर मात्र सावध राहा. सहा हजारांचा आकडा चार हजार आठशेला उचलला तर ते बाराशे म्हणजे व्याजच, नाव काही द्या.

सण जवळ आला की ‘घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती वाढतात, त्यांबद्दलही बोलायला हवं. पूर्वी त्या दिव्याच्या खांबावर चिकटवलेल्या असत: पेन्सिली भरा, लिफाफे तयार करा, कच्च्या मालासाठी अनामत भरा. अनामत भरली की माल येत नसे, किंवा आलेला माल ‘नापास’ होई. आता तेच मोबाइलवर आलं आहे. व्हिडिओला लाइक द्या, हॉटेलला चांगला शेरा द्या, पन्नास रुपये मिळवा. पहिले शे-दोनशे खरोखर जमा होतात, म्हणून विश्वास बसतो. मग ‘मोठं काम’ देण्यासाठी आधी हजार भरा, पुढे पाच हजार भरा. ओळखायची खूण सोपी आहे. काम देणारा मजुरी देतो, मागत नाही. तुमच्याकडून आधी पैसे मागितले की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारेच यात जास्त गमावतात.

नगावर काम घेणाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी. तारीख, किती नग आणले, किती दिले, नगाला दर काय ठरला, आणि पैसे कुठल्या दिवशी मिळणार. मुकादमाची त्यावर सही घ्यावी. सही नाही म्हणाला तर निदान त्याच्यासमोर लिहावं. विडीच्या धंद्यात घरी वळणाऱ्या बायकांनाही १९६६ च्या कायद्यानं कामगार मानलं आणि ‘छाट’ म्हणून किती माल बाजूला काढता येईल यालाही मर्यादा घातली. ते घडलं कारण तिथे हजारावर मजुरी मोजण्याची आणि ती लिहून ठेवण्याची वहिवाट होती, आणि भांडणाऱ्या संघटना होत्या. राखी-तोरणाच्या कामाला अजून असं काही नाही. दोन-तीन महिन्यांचं काम, मग सगळ्या पांगतात. पण एका चाळीतल्या दहाजणींनी मिळून ‘सणाच्या चार दिवस आधी निम्मी मजुरी, नाहीतर शेवटचा माल देणार नाही’ असं ठरवलं, तर मुकादमाला ऐकावं लागतं. ऐन हंगामात त्याला नव्या दहा घरांना काम शिकवायला वेळ नसतो. ही बोलणी काम घेतानाच करायची, माल पोचवून झाल्यावर नव्हे.