दोनहाती गळकाठीची दोरी

स्कॉटलंडांतील स्पे नदीच्या कांठीं अनेक ठिकाणीं दाट झाडी असल्यामुळें गळाची दोरी मागें भिरकावण्यास जागा नसते. म्हणून तेथें सामन मासे धरणारे बारा ते पंधरा फूट लांबीची काठी दोन्ही हातांनीं धरून, दोरी पाण्यावरूनच वळवून पुढें फेंकतात. गळास बांधलेली पिसांची कृत्रिम माशी अगदीं हलकी. ती दूर जाते ती दोरीच्या भारानें. दोरी हलकी असल्यास काठी वांकत नाहीं. फार जड असल्यास वांकलेली काठी वेळेवर उसळत नाहीं. आणि नवशिका व्यर्थ आपल्या हातांस दोष देतो.

दोरी निवडतांना केवळ क्रमांकावर विसंबूं नये, असें आम्ही सुचवितों. एकहाती काठीच्या आठ क्रमांकाच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारें २१० ग्रेन भरतात. जुना तोळा १८० ग्रेनांचा. तेव्हां हें वजन तोळ्याहून थोडेंच अधिक. दोनहाती आठ क्रमांकाच्या काठीस मात्र सुमारें ५०० ग्रेन, म्हणजे पावणेतीन तोळे, भार लागतो. म्हणून प्रथम काठीस किती ग्रेन मानवतात तें पाहावें. मग स्थळ पाहावें. रुंद व मोकळ्या पात्रास जिचा जड भाग लांब आहे अशी दोरी योग्य. अडचणीच्या जागीं व खोल बुडवावयाच्या माशीस आंखूड आणि जड दोरी बरी.

अंक तोच, परंतु माप निराळें! गणित सोडवितांनाही आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.