चित्र सरकले म्हणजे मॉनिटर बिघडला असे नाही!

मुलीचा प्रकल्प उद्या द्यायचा आहे आणि नेमके आजच पडद्यावरचे चित्र डावीकडे सरकले आहे. ‘स्टार्ट’चे बटण अर्धे गायब! "मॉनिटर गेला वाटतं, आता नवा घ्यावा लागणार," असे घरात सुरू होते. पण थांबा. बहुतेक वेळा हा दोष घरच्या घरी दूर होतो.

असे का होते?

जुन्या, खोक्यासारख्या मॉनिटरमध्ये पिक्चर ट्यूब असते. तिच्या मागून निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ उमटवतो. संगणकाचे रिझोल्यूशन 640 × 480 वरून 800 × 600 केले किंवा रिफ्रेश रेट 60 वरून 75 हर्ट्झवर नेला, की या ओळींचे वेळापत्रक बदलते आणि चित्र सरकते.

काय करावे?

• मॉनिटर 15-20 मिनिटे तापू द्या. चित्र स्थिरावल्यावरच बटणांना हात लावा.

• पुढच्या बटणांनी मेनू उघडा. ‘पोझिशन’ने चित्र सरकते, ‘साइझ’ने लहानमोठे होते. कडा उशीसारख्या वाकल्या असतील तर ‘पिनकुशन’, वर अरुंद व खाली रुंद असेल तर ‘ट्रॅपेझॉइड’, तिरपे असेल तर ‘रोटेशन’ वापरा.

• कोपऱ्यात रंगाचे डाग दिसतात? शेजारचा स्पीकर दूर ठेवा. त्यातल्या चुंबकाचा तो प्रताप असतो. मग ‘डीगॉस’ एकदाच दाबा. लगेच पुन्हा दाबू नका.

• चपटा एलसीडी मॉनिटर व्हीजीए केबलने जोडला असेल, तर पडदाभर खिडकी उघडून ‘ऑटो’ बटण दाबा.

हे मात्र करू नका

मागचे झाकण कधीही उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये 20,000 व्होल्टहून अधिक दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. उत्साही मुलांना हे आवर्जून सांगा.

पडद्यावर एकच आडवी रेघ उरली, चित्र सतत आत-बाहेर होऊ लागले किंवा जळका वास आला, तर मॉनिटर बंद करून जाणकार मेकॅनिकला बोलवा. एरवी आधी बटणे, मग मेकॅनिक आणि नवी खरेदी सर्वांत शेवटी!