पाण्याचा कागद

‘‘मॅडम, तुमचा कागद एक सांगतोय आणि माझी नळी दुसरंच सांगतीय. आता मी गावात काय सांगू?’’

दुपारी साडेतीनची वेळ. चहाचा कप नुकताच हातात आलेला. फोनवरच्या ताई उसाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावातल्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासण्याची पेटी देऊन शिकवलं गेलं, त्यांतल्या त्या एक. शाळेशेजारच्या विहिरीचं पाणी त्यांनी नळीत घेतलं, पेटीतली पावडर टाकली, ठरलेली मिनिटं थांबल्या आणि रंग आला गडद गुलाबी. सोबतच्या रंगपट्टीवर तो पंचेचाळीसच्या पुढच्या चौकोनाशी जुळत होता. आमच्या प्रयोगशाळेच्या छापील अहवालात मात्र त्याच विहिरीचं नायट्रेट होतं १३.८. मर्यादा ४५. शेरा : ‘पिण्यास योग्य’.

मी काय उत्तर दिलं ते आज लिहिताना लाज वाटते. म्हटलं, ‘‘ताई, पेटीतल्या चाचणीत नुसता अंदाज कळतो. आमचं यंत्र लाखो रुपयांचं आहे. कागदावर विश्वास ठेवा.’’

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘ठेवते. पण पुन्हा एकदा बघा. त्या विहिरीचं पाणी अंगणवाडीला जातं.’’

माझं काम काय, असं कुणी विचारलं की घरचेसुद्धा ‘ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ असं सांगून मोकळे होतात. मी मूळची रसायनशास्त्राची. पाणी, माती, सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात केली आणि नमुन्यांचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली आली तेव्हा ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. बाटली दारात आली की तिला एक नंबर आणि बारकोडची पट्टी मिळते. कुणी आणली, कुठून भरली, कधी भरली, बर्फात होती का, हे सगळं आत जातं. मग यंत्रातून येणारे आकडे त्या नंबरापुढे जाऊन बसतात, प्रणाली ते मानकांशी ताडून बघते, दोन जबाबदार माणसांच्या सह्या होतात आणि अहवाल बाहेर पडतो. कुणाला काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं, कुठल्या घटकाची मर्यादा किती, कुठल्या आकड्याला कशाने गुणायचं, हे ठरवणाऱ्या किल्ल्या माझ्याकडे. सोनाराच्या दुकानात दागिना घडवणारा वेगळा, विकणारा वेगळा. मी काटा सांभाळणारी.

पूर्वी हे सगळं वहीत असे. वहीचा एक नियम आमच्या पहिल्या सरांनी डोक्यात पक्का बसवला होता. आकडा चुकला तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. संगणकात हीच रेघ अदृश्यपणे मारली जाते. कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद आपोआप होते. आमच्या भाषेत तिला ऑडिट ट्रेल म्हणतात.

फोन ठेवल्यावर चहा गार झाला. ताईंचं शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. मी त्या नमुन्याची नोंद उघडली. सगळं चोख होतं. कोऱ्या पाण्याची चाचणी शून्याच्या जवळ. तोच नमुना दोनदा तपासला तर आकडे जुळणारे. मुद्दाम मोजून नायट्रेट घातलेल्या नमुन्यात घातलं तेवढं परत सापडलेलं. शंका घ्यायला जागाच नव्हती. तेवढ्यात आमच्याकडची तरुण विश्लेषक सहज म्हणाली, ‘‘मॅडम, मी मागच्या आठवड्यात म्हटलं नव्हतं का, यंदा नायट्रेट सगळीकडेच कमी येतंय म्हणून?’’ म्हटली होती खरी. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं श्रेय पावसाला देऊन टाकलं होतं.

अकरा दिवसांपूर्वी नायट्रेटसाठी नवं यंत्र आलं होतं. मी त्याच्या मार्गदर्शिकेचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट थांबलं. पोटात खड्डा पडला.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगायला हवं. शाळेतल्यापेक्षा अवघड नाही. नायट्रेटच्या कणात नायट्रोजनचा एक अणू आणि प्राणवायूचे तीन. नायट्रोजनचं वजन १४, पूर्ण नायट्रेटचं ६२. आता पाण्यातलं नायट्रेट दोन पद्धतींनी सांगता येतं : पूर्ण नायट्रेट किती, किंवा त्यातला फक्त नायट्रोजन किती. नारळ सोलून तोलायचा की शेंडीसकट, असा हा फरक. भारतीय मानक, आयएस १०५००, पूर्ण नायट्रेट धरतं आणि मर्यादा सांगतं लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यात सवलत नाही. अमेरिकेत फक्त नायट्रोजन धरतात आणि मर्यादा आहे १०. दोन्ही आकडे जवळजवळ एकाच पाण्याचे, कारण दहाला ४.४३ ने गुणलं की चव्वेचाळीसच्या वर येतं. एकक दोन्हीकडे तेच, मिलिग्रॅम प्रति लिटर. आकड्याकडे नुसतं बघून तो कुठल्या पद्धतीचा हे ओळखता येत नाही.

नवं यंत्र नायट्रोजन सांगत होतं. प्रणालीत त्या यंत्राची नोंद करताना गुणकाच्या रकान्यात ४.४३ भरायला हवं होतं. तिथे आपसूक आलेला १ तसाच राहिला होता. पडताळणीची द्रावणंही नायट्रोजनच्या हिशेबातच बनवलेली, त्यामुळे सगळ्या अंतर्गत चाचण्या गुण्यागोविंदाने पास होत होत्या. आमच्या सगळ्या तपासण्या एकाच चुकीच्या काट्यावर झाल्या होत्या. वेगळा काटा फक्त ताईंच्या हातात होता, त्या प्लॅस्टिकच्या पेटीत.

१३.८ गुणिले ४.४३. एकसष्ट.

नायट्रेट म्हणजे काही जालीम विष नव्हे. शेतातल्या युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून ते झिरपत विहिरीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसांना सहसा लगेच काही जाणवतही नाही. धोका असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना. त्यांच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळ निळसर पडतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याचा आणि या आजाराचा संबंध प्रथम मांडला. आणि आपल्याकडच्या घराघरांत केला जाणारा उपाय, पाणी उकळणं, इथे उलटा पडतो. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते तसं उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं.

मी यादी काढली. अकरा दिवसांत अडतीस अहवाल बाहेर गेले होते. योग्य गुणक लावल्यावर त्यांतले नऊ मर्यादेबाहेर जात होते.

संध्याकाळी सरांसमोर बसले. सर वाईट माणूस नाहीत. प्रयोगशाळा चालवायची, पगार द्यायचे, मान्यतेचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुमच्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत. आकडे दुरुस्त करा, त्याच नंबरांनी अहवाल पुन्हा काढा आणि पाठवून द्या. कुणी जुना-नवा लावून बघत बसणार आहे?’’

करता आलं असतं, हे कबूल करायला हवं. ऑडिट ट्रेल असली तरी प्रणालीच्या मागच्या दारातून, थेट साठ्यात शिरून आकडा बदलता येतो, हे सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं. कुलूप लावणाऱ्याला कुलपाची खोड कळते, तसं. आणि खोटं बोलायचं नव्हतंच, उलट चुकीच्या जागी खरा आकडा घालायचा होता. मग बिघडलं कुठे?

त्या रात्री मला फ्लिंट आठवलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हे शहर. २०१४ साली पैसे वाचवण्यासाठी तिथला पाण्याचा स्रोत बदलला. नदीच्या पाण्यात नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. तिथला तेव्हाचा नियम असा होता की, तपासलेल्या दहांतल्या नऊ घरांत शिसं ज्या आकड्याच्या आत आहे तो आकडा काढायचा; तो लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की यंत्रणेने हालचाल करायची. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने आले. राज्याच्या पर्यावरण खात्याने त्यांतले दोन वगळायला लावले, दोन्ही जास्त शिशाचे. नियमांवर बोट ठेवून कारणंही दिली गेली. उरलेल्या ६९ नमुन्यांवर आकडा आला ११. कागद मर्यादेत बसला, मुलं ते पाणी पीत राहिली. त्याच वर्षी एका विद्यापीठाच्या चमूने घराघरांतून पाणी गोळा केलं, डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये जुना स्रोत परत आला.

कागद मर्यादेत बसवायला आकडा खोटा लिहावा लागला नाही. दोन ओळी फक्त यादीतून उतरल्या. मी जे करणार होते ते फ्लिंटइतकं वाईट नव्हतं, हे खरं. पण ज्या घरात जुना कागद खिळ्याला अडकवलेला आहे, तिथे नव्या कागदावर ‘आधीचा चुकीचा होता’ असं लिहिलेलं नसेल, तर घरच्यांनी कुठला मानायचा? आणि मधल्या अकरा दिवसांत ते पाणी कुणी प्यालं, हे कोण विचारणार?

सकाळी सरांना म्हटलं, ‘‘मी अहवाल काढते, पण ‘सुधारित’ असं वर छापून. आधीच्या नंबरासकट आणि कारणासकट.’’ प्रयोगशाळांच्या आयएसओ १७०२५ या मानकातही तेच आहे : बदललेला अहवाल बदललेला म्हणून ओळखू आला पाहिजे, मूळ नोंद जपली पाहिजे. सर चिडले. दुपारपर्यंत बोलले नाहीत. मग स्वतःच येऊन म्हणाले, ‘‘ती नऊ नावं द्या. फोन मी करतो. पत्र आठवड्याने पोचेल.’’

पहिला फोन मात्र मीच केला. ‘‘ताई, तुमची नळी बरोबर होती. चूक माझी.’’ मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगितलंत. मी कालच अंगणवाडीचं पाणी बंद केलं, वरच्या टाकीचं आणते. तुमचा कागद होता म्हणून सरपंच हसत होते मला.’’ गावात दोन बाळं वरच्या दुधावर होती. दोघंही ठणठणीत निघाली. यात आमचं काही कर्तृत्व नाही.

काही ग्राहक तुटले. मान्यतेच्या तपासणीत आमचा तासभर घाम निघाला. पण सगळे कागद समोर मांडलेले होते, प्रकरण निभावलं. आता नवं यंत्र आलं की जुन्या यंत्राशी आणि बाहेरून विकत आणलेल्या, आकडा माहीत असलेल्या नमुन्याशी ताडल्याशिवाय एकही अहवाल बाहेर जात नाही. गुणकाचा रकाना कोराच उघडतो, तिथे आपसूक १ येत नाही. आणि मी भरलेला गुणक दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय चालू होत नाही. माझ्या किल्ल्यांतली एक मी स्वतःहून दुसऱ्याकडे दिली.

तुमच्या घरीही कधी पाण्याचा असा कागद येत असेल. सोसायटीच्या बोअरचा, गावच्या विहिरीचा. ‘पिण्यास योग्य’ एवढंच वाचून तो फाइलला लावू नका. नमुना कुणी, कुठून आणि कधी भरला ते बघा. अहवाल त्या बाटलीपुरताच असतो. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचलेली हवी. एकक बघा, नायट्रेटपुढे ‘नायट्रोजन म्हणून’ असं काही लिहिलंय का बघा. ‘आढळले नाही’ असेल तर किती बारीक प्रमाण ओळखता येत होतं ते विचारा. आणि कागद मनाला पटला नाही तर फोन करा. पलीकडच्या बाईने लाखो रुपयांच्या यंत्राची गोष्ट सांगितली तरी, पुन्हा एकदा बघा म्हणा.

प्रयोगशाळेत नवी मुलं येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी त्या विहिरीची नोंद उघडून दाखवते. १३.८ वर आडवी रेघ, शेजारी ६१, तारीख, कारण आणि माझं नाव. मुलं आधी आकड्याकडे बघतात, मग नावाकडे, मग संकोचून माझ्याकडे. मी म्हणते, बघा नीट, आणि मग बाटल्या लावायला घ्या.