एका ऑक्सिजनची किमया

रासायनिक सूत्रातले आकडे पूर्णांकच असतात, असे आपण वर्गात शिकवतो. पेरोव्हस्काइट ऑक्साइडे मात्र हा नियम पाळतातच असे नाही. त्यांच्या स्फटिकात दर दोन धातु-अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू हवेत. पण ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहिल्या, तरी सांगाडा कोसळत नाही.

बदलते ती विद्युतवाहकता. ऑक्सिजनचा प्रत्येक अणू धातूंकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो. तो निघून गेला, की ते मागे उरतात. उलट ऑक्सिजन वाढला, की इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे ‘होल’, वाढतात. वीज दोन्हींमुळे वाहते. यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे १९८७ साली गाजलेले ऑक्साइड याच कुळातले. त्याच्या सूत्रात ऑक्सिजन ७ च्या जवळपास असेल, तर ते सुमारे उणे १८१ अंश सेल्सिअसखाली अतिवाहक होते. ६ असेल, तर दुर्वाहक!

वऱ्हाडात, अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयांतही अशा ऑक्साइडांवर काम झाले. लँथॅनम, कोबाल्ट व लोह यांच्या ऑक्साइडाचा अमोनिया-संवेदक २००९ साली प्रसिद्ध झाला. येथे खेळ पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनचा. तापवलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि होल वाढतात. अमोनिया आला, की त्याची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते. इलेक्ट्रॉन परत येतात, होल भरतात आणि रोध वाढतो. ही वाढ मीटरवर दिसते.

शीतगृहातली अमोनियाची गळती वेळीच कळली, तर माणसे वाचतात. फळ्यावर सूत्र लिहिताना आपण विद्यार्थ्यांना विचारू या : यातला थोडा ऑक्सिजन काढला, तर काय होईल?